मध्यम लहरींचे दूरग्रहण : दिवस आणि रात्र

१. व्याख्या

ज्या रेडिओ तरंगांची वारंवारता सुमारे ५२६ ते १६०६ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असते, त्यांना आपल्याकडे मध्यम लहरी म्हणतात. या पट्ट्यातील वाहक तरंगाची वारंवारता स्थिर ठेवून त्याचा परमप्रसर ध्वनीच्या चढउतारानुसार बदलला, म्हणजे परमप्रसर-विरूपण होते. रेडिओ संचावर लिहिलेली ‘एएम’ ही अक्षरे याच पद्धतीची द्योतक आहेत. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, ५३१ किलोहर्ट्झवर, तरंगलांबी सुमारे ५६५ मीटर असते. वरच्या टोकाला, १६०२ किलोहर्ट्झवर, ती सुमारे १८७ मीटर असते.

ज्या केंद्राचे प्रक्षेपण श्रोत्याच्या प्रदेशासाठी योजलेले नाही, त्या केंद्राचे ओळख पटण्याइतके स्पष्ट ग्रहण म्हणजे दूरग्रहण होय. या व्याख्येत किलोमीटरांचा उल्लेख नाही, तो हेतुपुरस्सर टाळला आहे. दुपारी जमिनीवरून अडीचशे किलोमीटर अंतरावरचे केंद्र लागणे हे रात्री हजार किलोमीटरवरचे केंद्र लागण्यापेक्षा अधिक दुर्मीळ असू शकते. अंतराचे मूल्य मार्गावर आणि वेळेवर अवलंबून असते, हे पुढील विवेचनातून सिद्ध होईल.

दूरग्रहणाला तीन अटी आहेत. पहिली पोच : तरंग श्रोत्याच्या एरियलपर्यंत काही तीव्रतेने आला पाहिजे. दुसरी उठाव : ती तीव्रता तेथील गोंगाटापेक्षा जास्त असली पाहिजे. तिसरी पृथक्ता : तो तरंग त्याच वारंवारतेवरील वा शेजारच्या वारंवारतेवरील अन्य केंद्रांपासून वेगळा काढता आला पाहिजे. यांपैकी एक अट अपुरी राहिली, तर उरलेल्या दोन कितीही पूर्ण असल्या तरी ग्रहण होत नाही.

दिवस आणि रात्र यांतील भेद प्रायः असा सांगितला जातो की, दिवसा दूरची केंद्रे लागत नाहीत आणि रात्री लागतात. हे विधान चूक नसले तरी अपुरे आहे. दिवसा पहिली अट अवघड असते आणि तिसरी सुलभ. रात्री पहिली सुलभ होते आणि तिसरी अवघड. दिवसाचा प्रश्न क्षीणतेचा आहे, रात्रीचा प्रश्न गर्दीचा आहे. प्रश्न भिन्न असल्यामुळे श्रोत्याची रीतही भिन्न असली पाहिजे. हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

२. भूतरंग

प्रक्षेपकाच्या उभ्या मनोऱ्यातून निघालेली ऊर्जा दोन मार्गांनी जाते. जमिनीला लगटून जाणारा तो भूतरंग आणि वर आकाशाकडे जाणारा तो आकाशतरंग. प्रथम भूतरंगाचा विचार करू.

भूतरंग तीन कारणांनी क्षीण होतो. (१) प्रसरण : ऊर्जा पसरत जाते आणि क्षेत्रतीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. (२) भूशोषण : तरंग जमिनीत विद्युत्प्रवाह निर्माण करतो आणि त्या प्रवाहांत त्याची ऊर्जा खर्ची पडते. (३) वक्रता : पृथ्वीच्या गोलाईमुळे ठरावीक अंतरापलीकडे तरंग केवळ विवर्तनाने, म्हणजे वळून, पोचतो आणि तेथे घट अधिक वेगाने होते.

पहिले कारण सर्वत्र सारखेच असते. दुसरे भूमीप्रमाणे बदलते. समुद्राच्या पाण्याची संवाहकता प्रतिमीटर सुमारे ४ ते ५ सीमेन्स असते. ओलसर सुपीक जमिनीची सुमारे ०.०१ ते ०.०३, कोरड्या वा खडकाळ जमिनीची ०.००१ किंवा त्याहूनही कमी. समुद्र आणि खडक यांत हजारो पटींचे अंतर आहे. याउलट प्रक्षेपकाची शक्ती वाढवल्याने होणारा लाभ मर्यादित असतो, कारण क्षेत्रतीव्रता शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १ किलोवॉटऐवजी १०० किलोवॉट शक्ती वापरली, तरी तीव्रता दहापटच होते. म्हणून दिवसाच्या ग्रहणात प्रक्षेपकाच्या शक्तीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मधल्या भूमीला आहे.

भूशोषण आणि वक्रता या दोहोंचा परिणाम वारंवारतेबरोबर वाढतो. त्यामुळे सारख्याच शक्तीने ५५८ किलोहर्ट्झवर प्रक्षेपित झालेला भूतरंग १५६६ किलोहर्ट्झवरील भूतरंगापेक्षा बराच दूर जातो.

यावरून पश्चिम महाराष्ट्रापुरता एक निष्कर्ष निघतो. मुंबईहून किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या भूतरंगाला पूर्णतः वा अंशतः सागरी मार्ग मिळतो. पूर्वेकडे जाणाऱ्याला सह्याद्री ओलांडून पठारावरून जावे लागते. तेव्हा सारख्याच अंतरावर कोकणातील श्रोत्याला दिवसा मुंबई जितकी स्पष्ट लागेल, तितकी घाटमाथ्यापलीकडच्या श्रोत्याला लागणार नाही. किनाऱ्यावरील श्रोत्यासाठी पट्ट्याच्या खालच्या भागातील दूरची सागरतटीय केंद्रे हे दिवसाच्या शोधाचे पहिले क्षेत्र ठरते.

३. आकाशतरंग आणि आयनांबर

१९०२ च्या फेब्रुवारीत मार्कोनीने ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावरून अटलांटिक पार करताना इंग्लंडमधील केंद्राचे संदेश टिपले. दिवसा ते सुमारे ११०० किलोमीटरपर्यंत मिळाले, रात्री ३२०० किलोमीटरपलीकडेही मिळाले. मार्कोनीने याचे कारण प्रक्षेपकाच्या एरियलवर पडणाऱ्या उन्हात शोधले. खरे कारण बरेच उंचावर होते. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड यांनी, उच्च वातावरणात विद्युत्संवाहक थर असावा, असे स्वतंत्रपणे प्रतिपादले. १९२४ च्या डिसेंबरात ॲपलटन आणि बार्नेट यांनी बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राचे तरंग ऑक्सफर्ड येथे टिपून त्या थराचे अस्तित्व आणि उंची प्रयोगाने सिद्ध केली. ॲपलटन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांचा उच्च वातावरणावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा तो प्रमाणग्रंथ ठरला.

या संवाहक प्रदेशाला आयनांबर म्हणतात. मध्यम लहरींच्या दृष्टीने त्याचे तीन थर विचारात घ्यावे लागतात.

(अ) डी थर : उंची सुमारे ६० ते ९० किलोमीटर.
(आ) ई थर : उंची सुमारे १०० ते १२० किलोमीटर.
(इ) एफ थर : उंची सुमारे २०० किलोमीटर व त्यावर.

तिन्ही थरांत सूर्याच्या किरणांमुळे मुक्त इलेक्ट्रॉन निर्माण होतात, परंतु तिन्हींचे कार्य भिन्न आहे. तरंग येताच इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर आंदोलित होतात आणि घेतलेली ऊर्जा पुन्हा तरंगाला परत करतात. ई आणि एफ थरांत हवा विरळ असल्याने ही देवघेव बहुतांशी निर्वेध चालते आणि परिणामी तरंग वळून पृथ्वीकडे परततो. डी थरात हवा दाट असते. तेथे आंदोलित इलेक्ट्रॉन सेकंदाला लाखो वेळा उदासीन रेणूंवर आदळतो आणि ऊर्जा परत करण्याआधीच उष्णतेच्या रूपाने गमावतो. हेच शोषण होय.

आकाशतरंग मनोऱ्यातून दिवसाही निघतो. त्याला डी थरातून वर जाताना एकदा आणि उतरताना एकदा जावे लागते आणि त्यात तो जवळजवळ संपूर्ण नष्ट होतो. सूर्यास्तानंतर दाट हवेतील इलेक्ट्रॉन लवकर आयनांशी संयोग पावतात वा रेणूंना चिकटतात आणि डी थर ओसरतो. ई थर क्षीण होतो, पण उरतो. एफ थरात टकरी दुर्मीळ असल्याने तो रात्रभर टिकतो. तात्पर्य, रात्र आकाशतरंगाला नवे बळ देत नाही. दिवसाने घातलेला अडथळा तेवढा दूर होतो.

परतीचे अंतर भूमितीने ठरते. सुमारे ११० किलोमीटर उंचीवरच्या ई थरातून एका झेपेत अधिकात अधिक सुमारे २३०० किलोमीटर अंतर गाठता येते. ३०० किलोमीटर उंचीवरच्या एफ थरातून सुमारे ३८०० किलोमीटर. त्यापलीकडे तरंगाला जमिनीवरून वा समुद्रावरून परावर्तित होऊन दुसरी झेप घ्यावी लागते आणि प्रत्येक झेपेत हानी होते. समुद्र चांगला परावर्तक असल्याने सागरी मार्गावर ही हानी कमी असते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा महाराष्ट्रातच होता. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर, १००० किलोवॉट शक्तीच्या प्रक्षेपकावरून सुरू झाली. ही वारंवारता पट्ट्याच्या वरच्या टोकाची, म्हणजे भूतरंगाला प्रतिकूल आहे. तरी ती योग्य ठरली, कारण सेवा संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचीच होती आणि तिचा आधार आकाशतरंग हाच होता. देशाच्या मुख्य भूमीचा बहुतेक भाग नागपूरपासून सुमारे १५०० किलोमीटरच्या आत येतो, म्हणजे एका झेपेच्या टप्प्यात. ती सेवा पुढे बंद झाली. तिच्या नियोजनाचा आधार असलेला नियम अबाधित आहे.

४. संधिकाल

दिवस आणि रात्र यांमध्ये एक तिसरी अवस्था असते. तिचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण तीत मार्गाचा काही भाग उजेडात आणि काही अंधारात असतो. शोषण ज्या बिंदूंपाशी तरंग डी थर ओलांडतो तेथे होते. म्हणून श्रोत्याच्या गावचा सूर्यास्त पुरेसा नाही. सर्व ओलांडबिंदूंवरचा सूर्य मावळला पाहिजे.

अंधार पूर्वेकडून येतो. कोलकाता मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेपंधरा रेखांश आहे, म्हणजे तेथील सूर्यास्त सरासरीने तासभर आधी होतो. मस्कत पश्चिमेला सुमारे साडेचौदा रेखांश आहे, तेथील सूर्यास्त जवळजवळ तासभर नंतर. यावरून तीन नियम निघतात.

पहिला : संध्याकाळी पूर्वेकडील केंद्रे आधी लागू लागतात, पश्चिमेकडील नंतर.

दुसरा : सकाळी पूर्वेकडील केंद्रे आधी मावळतात आणि पश्चिमेकडील शेवटपर्यंत राहतात. त्यामुळे पहाटेच्या शेवटच्या अर्ध्या तासात पूर्वेचा अडसर दूर झालेला असतो आणि ओमान वा इराणकडील केंद्रे रात्रीपेक्षा अधिक स्वच्छ मिळण्याचा संभव असतो. येथे लाभ पोच वाढल्याने होत नाही, पृथक्ता वाढल्याने होतो.

तिसरा : उत्तर-दक्षिण मार्गांचा क्रम ऋतूने ठरतो. हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य आधी मावळतो म्हणून दिल्लीचा मार्ग लवकर मोकळा होतो. उन्हाळ्यात दक्षिणेकडे आधी मावळतो म्हणून तमिळनाडू आणि श्रीलंकेचा.

वारंवारतेचाही येथे वाटा आहे. डी थरातील शोषण साधारणतः कमी वारंवारतेवर अधिक असते. म्हणून दुपार कलू लागताच आकाशतरंगाची पहिली चाहूल पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागते आणि नंतर ती खाली सरकते. भूतरंगाचा क्रम याच्या अगदी उलट होता, हे कलम २ मध्ये सांगितलेच आहे. दिवसा खालून वर आणि संध्याकाळी वरून खाली सुई फिरवावी, हा नियम या दोन विधानांचा तर्कसिद्ध परिणाम आहे.

५. रात्रीचे तीन पट्टे

रात्री कोणत्याही केंद्राभोवती तीन पट्टे कल्पिता येतात.

(१) समीप पट्टा : येथे भूतरंग प्रबळ असतो आणि ग्रहण दिवसासारखेच स्थिर राहते.

(२) संघर्ष पट्टा : येथे भूतरंग आणि आकाशतरंग तुल्यबळ असतात. दोघांचे मार्ग भिन्न लांबीचे असल्याने ते कधी एकमेकांस पूरक तर कधी छेदक ठरतात. आवाज बुडतो, वर येतो आणि त्याहून वाईट म्हणजे फाटतो. वाहक तरंग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पार्श्वपट्ट एकाच वेळी सारखे क्षीण होत नाहीत. वाहक बुडाला आणि पार्श्वपट्ट उरले की ऐकू येणारा ध्वनी विकृत होतो. यास निवडक क्षीणन म्हणतात.

(३) दूर पट्टा : येथे आकाशतरंग एकटाच असतो. चढउतार येथेही होतात, पण ते प्रायः संथ असतात.

संघर्ष पट्टा सामान्यतः केंद्रापासून शंभर ते दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतो. मुंबई-पुणे हे सरळ अंतर सुमारे १२० किलोमीटर असून मध्ये सह्याद्री आहे. तेव्हा पुण्यात मुंबई केंद्र दिवसा स्थिर आणि रात्री अस्थिर लागणे संभवते, तर त्याच रात्री हैदराबाद अधिक सुस्थिर लागू शकते. रात्र ही सर्व ग्रहणाला अनुकूल असते हा समज येथे खंडित होतो. लघुलहरींप्रमाणे पूर्ण मौनाचा पट्टा मात्र मध्यम लहरींत रात्री आढळत नाही, कारण अधिक उभ्या कोनात गेलेला तरंगही एफ थरातून परत येतो.

भारतापुरती आणखी एक विशेष बाब नोंदवली पाहिजे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते; १९६३ मध्ये थुंबा येथे अग्निबाण-केंद्र स्थापण्याचे तेच कारण होते. तेथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडवे आणि उत्तर-दक्षिण असते. मनोऱ्यातून निघणारा तरंग उभ्या ध्रुवणाचा, म्हणजे उभ्या विद्युत्क्षेत्राचा, असल्याने पूर्व-पश्चिम दिशेने जाताना तो आयनांबरात बहुतांशी अशा घटकाच्या रूपाने शिरतो, ज्याचे शोषण अधिक होते. उत्तर-दक्षिण मार्गावर ही हानी कमी असते. चुंबकीय विषुववृत्तापासून दूर जावे तसा हा परिणाम घटतो. महाराष्ट्रात तो अंशतः जाणवतो, केरळ-तमिळनाडूत अधिक. म्हणून समान अंतरावरील दोन केंद्रांपैकी उत्तर-दक्षिण रेषेवरचे केंद्र अधिक प्रबळ आढळले, तर त्याचे कारण केवळ प्रक्षेपकाच्या शक्तीत शोधू नये.

६. गर्दीची रचना

आशिया, युरोप आणि आफ्रिका यांतील मध्यम लहरींची वाटणी १९७५ च्या जिनिव्हा आराखड्याने झाली. तो १९७८ च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्यानुसार दोन शेजारच्या वाहिन्यांत ९ किलोहर्ट्झ अंतर असते आणि प्रत्येक वारंवारतेला ९ ने भाग जातो. मुंबईच्या ५५८ आणि १०४४, पुण्याची ७९२, नागपूरची ५८५, पणजीची १२८७ या सर्व संख्या ही अट पाळतात. ५३१ पासून १६०२ पर्यंत अशा १२० वाहिन्या होतात. तीन खंडांतील केंद्रे इतक्यात सामावणे अशक्य असल्याने एकच वारंवारता अनेक दूरस्थ केंद्रांना दिलेली असते.

दिवसा ही वाटणी निर्दोष चालते, कारण भूतरंग एकमेकांच्या प्रदेशात पोचत नाहीत. रात्री डी थर ओसरला की सर्वांचेच आकाशतरंग सर्वत्र जातात. इष्ट केंद्राची पोच ज्या कारणाने वाढते, त्याच कारणाने अनिष्ट केंद्राचीही वाढते.

व्यत्यय दोन प्रकारचा असतो. शेजारच्या वाहिनीचा व्यत्यय ९ किलोहर्ट्झच्या शिटीने वा तुटक, अस्पष्ट उच्चारांनी ओळखावा. समान वाहिनीचा व्यत्यय धडधडीने ओळखावा : प्रत्येक प्रक्षेपकाला वारंवारतेत १० हर्ट्झपर्यंत सूट असते, त्यामुळे दोन वाहकांतील फरक फार तर २० हर्ट्झ राहतो आणि तो स्वर म्हणून ऐकू न येता लयबद्ध कंप म्हणून जाणवतो. हा कंप ऐकू आला, की त्या वारंवारतेवर दुसरे केंद्र निश्चित आहे असे समजावे, मग त्याचा एक शब्दही ऐकू येवो वा न येवो.

७. गोंगाट

गोंगाट तीन प्रकारचा. (१) नैसर्गिक : विजांचा. (२) मानवनिर्मित : एलईडी दिव्यांची चालके, चार्जर, इन्व्हर्टर, सैल वीजजोडण्या. (३) संचांतर्गत : खुद्द ग्राही यंत्रातला.

मध्यम लहरींत पहिले दोन तिसऱ्यापेक्षा बहुधा फार मोठे असतात. याचा परिणाम महत्त्वाचा आहे. बाहेरचा गोंगाट एरियलमधूनच येतो. एरियल लांब केले की केंद्र आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात आणि उठाव होता तेवढाच राहतो. म्हणून उपाय एरियल लांब करण्यात नसून त्याची जागा आणि दिशा बदलण्यात आहे.

विजांच्या लहरीही आकाशतरंगाचे नियम पाळतात. दिवसा केवळ जवळच्या वादळाची कडकड ऐकू येते. रात्री शेकडो किलोमीटरवरच्या वादळाचीही. महाराष्ट्रात वैशाखातील वळवाचे दिवस आणि परतीच्या पावसाचे दिवस या दृष्टीने प्रतिकूल; मार्गशीर्ष ते माघ हा काळ अनुकूल, कारण तेव्हा आसपास विजा विरळ असतात आणि रात्रही मोठी असते. मानवनिर्मित गोंगाट मात्र ऋतू पाळत नाही. परिसरातील वीज गेली असता बॅटरीवरचा संच लावून पाहणे, हे त्या गोंगाटाचे प्रमाण मोजण्याचे सर्वांत सोपे साधन आहे.

८. साधन

साधनाचे तीन गुण : संवेदनशीलता, निवडक्षमता आणि दिशाज्ञता. कलम ७ वरून संवेदनशीलतेचे महत्त्व गौण ठरते, कलम ६ वरून निवडक्षमतेचे वाढते. आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये शोधलेल्या सुपरहेटेरोडाइन पद्धतीत प्रत्येक केंद्राची वारंवारता एका ठरावीक मध्यवर्ती वारंवारतेत, बहुधा ४५५ किलोहर्ट्झमध्ये, रूपांतरित होते. निवड तेथील गाळणी करते. या पद्धतीचा एक दोष ओळखून असावे. मध्यवर्ती वारंवारतेच्या दुपटीने, म्हणजे ९१० किलोहर्ट्झने, खाली प्रबळ केंद्राची प्रतिमा उमटू शकते. १५६६ वरील केंद्र ६५६ वर ऐकू येऊ लागले, तर तो शोध नसून आभास आहे. ६५६ ला ९ ने भाग जात नाही, हीच त्याची खूण.

दिशाज्ञता हा श्रोत्याच्या हातातला सर्वांत प्रभावी गुण. संचातील फेराइट दांडा आपल्या लांबीला काटकोनात असलेल्या दिशांकडून सर्वाधिक ग्रहण करतो आणि लांबीच्या दिशेकडून जवळजवळ काहीच घेत नाही. महत्तम दिशा बोथट असते, शून्य दिशा तीक्ष्ण. म्हणून इष्ट केंद्राकडे काटकोन साधण्यापेक्षा अनिष्ट केंद्राकडे दांड्याचे टोक रोखणे अधिक फलदायी. भूतरंगाच्या बाबतीत हे शून्य फार खोल मिळते. आकाशतरंग वरून, आणि बदलत्या ध्रुवणाने येत असल्याने रात्री ते उथळ होते. त्यामुळे स्थानिक केंद्र मिटवून त्याच वाहिनीवरील दूरचे केंद्र ऐकणे साध्य आहे. दोन दूरच्या केंद्रांपैकी एक मिटवणे अंशतःच साध्य आहे.

९. ओळख आणि नोंद

व्याख्येतील ‘ओळख पटण्याइतके’ हे पद अद्याप विवेचिले नाही. भाषा ही ओळख नव्हे, कारण एकच भाषा अनेक केंद्रे वापरतात. कार्यक्रमही ओळख नव्हे, कारण दिल्लीच्या बातम्या देशभर आणि प्रादेशिक बातम्या राज्यभर सहक्षेपित होतात. पुरावा तीन प्रतींचा मानावा. उत्तम : केंद्राच्या नावाची उद्घोषणा. मध्यम : त्याच केंद्राचा तोच कार्यक्रम दुसऱ्या ज्ञात वारंवारतेवर एकाच वेळी ऐकू येणे. कनिष्ठ : वारंवारता, दिशा आणि काळ यांचा मेळ. कनिष्ठ पुराव्यावर केंद्राचे नाव निश्चितपणे लिहू नये.

नोंदीसाठी ‘सिनपो’ ही पाच अंकांची पद्धत रूढ आहे. तीत अनुक्रमे तीव्रता, व्यत्यय, गोंगाट, मार्गातील चढउतार आणि एकूण गुणवत्ता यांना १ ते ५ अंक देतात. पहिले तीन अंक म्हणजे पोच, पृथक्ता आणि उठाव या तीन अटींचेच मापन आहे. केवळ ‘स्टेशन लागले’ अशी नोंद निरुपयोगी असते. कोणती अट कितपत पूर्ण झाली हे सांगणारी नोंदच तुलनेला उपयोगी पडते. केंद्राला पाठवलेल्या अशा नोंदीवरून तेथील अभियंत्यालाही आपला तरंग कुठे आणि कसा पोचतो हे कळते.

१०. निष्कर्ष

दिवसा मार्ग एकच, भूतरंगाचा. तेथे भूमी, वारंवारता आणि अंतर हे निर्णायक. श्रोत्याने निवांत जागा, खालची वारंवारता आणि संवाहक भूमी शोधावी. रात्री मार्ग दोन आणि केंद्रे अनेक. तेथे दिशा, निवड आणि वेळ हे निर्णायक. श्रोत्याने तीव्रता वाढवण्याचा नाद सोडून व्यत्यय वगळण्याचा अभ्यास करावा. संधिकालात दोन्ही अवस्थांचे गुण अल्पकाळ एकत्र येतात, म्हणून मर्यादित वेळ असलेल्याने तोच काळ निवडावा.

मध्यम लहरींवरील केंद्रे आज जगभर कमी होत आहेत. कलम ६ च्या तर्काने पाहता, प्रत्येक बंद झालेले केंद्र आपल्या वाहिनीवर इतरांसाठी जागा मोकळी करते आणि पूर्वी जे झाकले गेले होते ते ऐकू येऊ लागते. त्यामुळे जुन्या नोंदींवरून आजचे अनुमान करता येत नाही. प्रत्येक वाहिनी नव्याने तपासावी लागते. ती तपासण्यासाठी लागणारे नियम मात्र जुनेच आहेत आणि साध्या फेराइट दांड्याच्या संचावर, कोणत्याही गावात, आज संध्याकाळीच पडताळून पाहता येतात.